एटापल्लीचा थरारपट दोन मिनिटं वीस सेकंदांत: नवशिक्या संकलकासाठी

एटापल्लीला तुम्ही कधी गेला नसाल तर उत्तम. तिथे चार दिवस राहिलेल्या माणसाला पुढे धड ट्रेलर कापता येत नाही. त्याला आलापल्लीच्या नाक्यावरचा चहा आठवतो, वसतिगृहाच्या दोरीवर वाळत घातलेले शाळेचे गणवेश आठवतात, आणि त्याचा हात आखडतो. थरारपटाच्या ट्रेलरला आठवण चालत नाही, संशय लागतो. म्हणून हे मार्गदर्शन अंधेरीत किंवा कोथरुडात संगणकापुढे बसलेल्या, पहिलंच काम हाती आलेल्या होतकरूंसाठी आहे. चित्रपट गुन्हेगारीचा, स्थळ गडचिरोली जिल्ह्यातला एटापल्ली तालुका, निर्मात्याला ट्रेलर सोमवारी हवा आहे. घाबरू नका. थरारपटाचा ट्रेलर आधीच तयार असतो, त्यात आपल्या चित्रपटाची दृश्यं तेवढी बसवायची असतात.

सुरुवात वरून करावी. वरून म्हणजे ड्रोनने. खाली मैलोन्‌मैल जंगल, धुकं, एक वळणाचा रस्ता आणि त्यावर एकच गाडी. चित्रीकरण मात्र ऑगस्टमध्ये उरकलेलं असलं पाहिजे. सागाची पानं उन्हाळ्यात झडतात. एप्रिल-मेमध्ये ड्रोन उडवला तर खालचं सगळं उघडं पडतं: पायवाटा, बैलबंड्या, शाळेचे पत्रे, पाण्याची टाकी, टाकीवर रंगवलेलं योजनेचं नाव. एवढं दिसणाऱ्या जंगलाला कोण भिणार? ऑगस्टमध्ये एकच कटकट असते, सागाच्या शेंड्यांवर पांढरट फुलोरा आलेला असतो आणि वरून तो भलताच सुंदर दिसतो. रंगदुरुस्ती करणाऱ्याला सांगून तो घालवून टाका. थरारपटाचा रंग निळसर हिरवा, हे ठरलेलं आहे.

त्यावर टंकलेखन यंत्राच्या टकटकीत अक्षरं उमटू द्या: ‘गडचिरोली. महाराष्ट्र-छत्तीसगड सीमा. पहाटे ३.१२.’ एटापल्लीचं नाव लिहू नका, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला गडचिरोली पुरते. १४,४१२ चौरस किलोमीटरचा, जवळजवळ चार गोवे मावतील असा जिल्हा ट्रेलरमध्ये एका काळोख्या खोलीएवढा असतो, आणि तो तसाच ठेवणं हे तुमचं काम. वेळ कुठलीही चालेल, फक्त पूर्णांकात नको. तीन वाजता कुणाचा खून होत नाही, तीन बाराला होतो.

आता नायक. तो पोलीस अधिकारी असेल तर त्याची बदली झालेली असलीच पाहिजे. मराठी-हिंदी पडद्यावर मंत्र्याने प्रामाणिक अधिकाऱ्याला दम भरायचा म्हटलं की जिल्हा ठरलेला: ‘गडचिरोलीला फेकून देईन!’ मंत्रालयाच्या कँटीनपासून शाळेच्या शिक्षकखोलीपर्यंत हे वाक्य लोक थट्टेत वापरतात, त्यामुळे प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही. ते चाळिसाव्या सेकंदाला ठेवा. मंत्री पाठमोरा, समोर खिडकी, खिडकीत मुंबई. पुढच्याच कटला चिखलात उतरलेला बूट.

यात एक बारीक अडचण आहे, ती प्रेक्षकाच्या कानावर जाऊ देऊ नका. नक्षलग्रस्त भागात नेमणूक झालेल्या सरकारी नोकराला एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याची शासनाची तरतूद आहे, ‘एकस्तर’ म्हणतात तिला. म्हणजे मंत्रिमहोदयांनी दातओठ खाऊन नायकाचा पगार वाढवला. या धाग्यावर झकास विनोदी चित्रपट होईल, पण तो तुमच्याकडे आलेला नाही.

दुसरी अडचण खुद्द एटापल्लीतल्या प्रेक्षकाची. मंत्र्याने जी जागा शिक्षा म्हणून सुनावली, तिथलंच त्याचं रेशनकार्ड आहे. मोबाइलवर ट्रेलर पाहता पाहता एखादा विचारेल, ‘आमी कोनता गुन्हा केला होता गा?’ उत्तर द्यायला जाऊ नका. विषय बदला.

नायक बाहेरचा आणि एकटाच हवा. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-६० हे पथक उभारलं ते नेमकं उलट्या विचाराने: इथलीच पोरं घ्यायची, ज्यांना जंगल ठाऊक, वाट ठाऊक, बोली ठाऊक. ट्रेलरला हा विचार सोसत नाही. वाट ठाऊक असलेला माणूस वाट चुकत नाही आणि वाट चुकल्याशिवाय थरार सुरू होत नाही. स्थानिक शिपाई ठेवायचाच असेल तर एक विनोद करण्यापुरता ठेवा आणि मध्यंतराच्या आत मारून टाका. तो मरणार हे ट्रेलरमध्येच कळलं पाहिजे. त्याच्या घरी बाळ झाल्याचा एक शॉट टाकला की चाणाक्ष प्रेक्षक समजून घेतो.

येता येता एक फुकटची मिळकत आहे. आलापल्लीहून एटापल्लीकडे निघालेल्या गाडीला सुरजागडच्या डोंगरातल्या लोहखनिजाचे ट्रक भेटतात. २०१६ पासून त्या डोंगरावर खाणकाम सुरू झालं आणि खनिजाची लाल धूळ रस्त्याकडेच्या पानांवर बसू लागली. शोधून सापडणार नाही असा हा रंग. पण तुम्ही सगळं निळसर हिरवं करायचं ठरवलंत ना, मग ती धूळ चिखलासारखी दिसणार. असो. खाण कशी आली, कुणाला काम मिळालं, ग्रामसभा काय म्हणाल्या, हे माहितीपटवाल्यांचं खातं. आपल्याला ट्रकच्या दिव्यांचा झोत तेवढा पुरे.

पाऊण मिनिट झालं की काळ्या पडद्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहा. मुख्य चित्रपटाच्या सुरुवातीला ‘सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक’ असं येईलच. दोन्ही वाक्यं एकाच निर्मात्याची, पण ती कधी एकमेकांसमोर येत नाहीत. सत्य घटना नीट हाताळायची म्हटली तर अभ्यास पडतो. सोनी लिव्हवर २०२४ मध्ये आलेल्या ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेपाशी मराठवाड्यातल्या मानवतचं १९७२ ते ७४ चं हत्यासत्र होतं, तपास करणारे रमाकांत कुलकर्णी होते, कुलकर्ण्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी होत्या. तुमच्याकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. तरी अक्षरं तेवढीच मोठी ठेवा.

इथे थोडं थांबतो. या भागात खरोखर रक्त सांडलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरच्या जंगलातली चकमक आणि लगोलगची दुसरी कारवाई मिळून चाळीस माओवादी मारले गेले. त्याआधी आणि नंतर पोलीस मेले, खबरी ठरवून गावकरी मारले गेले, रात्री कुणी दार वाजवलं तर उघडावं की नाही हा प्रश्न घराघरात होता. ट्रेलरमध्ये या सगळ्याला दीड सेकंद मिळतो: बंदुकीची नळी, उडालेले पक्षी, काळं. पक्षी घ्यायला विसरू नका. बंदूक वाजल्यावर झाडावरून पक्षी उडाले नाहीत असा थरारपट अजून कुणी काढलेला नाही.

आवाजावर मात्र वेळ घाला. निम्मी भीती कानातून शिरते. ‘इन्सेप्शन’च्या २०१० च्या ट्रेलरमधून जहाजाच्या भोंग्यासारखा तो प्रचंड ‘ब्रााम’ आला आणि तेव्हापासून जगात कुठेही दार उघडलं, फाइल मिटली, चष्मा काढला की तो वाजतो. त्याच वर्षी ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरमध्ये एक गाजलेलं गाणं मुलींच्या वृंदगायनात अगदी संथ करून वापरलं होतं. ती युक्ती आपल्याकडेही मुरली. कुठलंही जुनं आनंदी गाणं घ्या, गती निम्म्यावर आणा, एका पोरीला कुजबुजत म्हणायला लावा. अंगाई असेल तर सोन्याहून पिवळं.

एटापल्लीचा असा वेगळा आवाज हवा असेल तर ढोल घ्या. माडिया आदिवासींच्या गावात रात्री ढोल वाजतो तेव्हा बहुधा रेला नाच चालू असतो. बायापुरुष हातात हात गुंफून फेर धरतात, एक ओळ एका बाजूने जाते, दुसरी दुसऱ्या बाजूने परत येते, आणि लग्न असेल तर हे पहाटेपर्यंत चालतं. हा ढोल चित्रावरून सुटा करा, त्यावर नायकाचा धापा टाकणारा चेहरा चिकटवा, लग्नाचा मांडव बाहेर ठेवा. वऱ्हाडाचा पाठलाग झाला! इतकी स्वस्त आणि इतकी लबाड युक्ती या धंद्यात दुसरी नाही, आणि माझ्या मते ती बंद व्हायला हवी. पण तुम्ही नवशिके, तुमचं कोण ऐकणार?

तीच गत टॉर्चच्या शॉटची. पहाटेचा अंधार, झाडांच्या बुंध्यांमागे हलणारे पाचसहा उजेड, वाकलेल्या आकृत्या जमिनीवर काहीतरी शोधताहेत. ट्रेलरमध्ये ते प्रेत पुरणारे लोक असतात. एटापल्लीत मार्च-एप्रिलमध्ये ते मोहफुलं वेचणारं कुटुंब असतं. रात्री गळालेली फुलं ऊन चढायच्या आत उचलावी लागतात, म्हणून टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. तिथे भीती असते, नाही असं नाही. मोहाचा वास माणसाइतकाच अस्वलाला आवडतो आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता: सत्तर पानांचा एक पुडा, पुड्यांवर मजुरी, पुन्हा पहाटे जंगल, पुन्हा वाकलेल्या आकृत्या. तेव्हा तुमचे सगळे संशयित पानं गोळा करण्याच्या एकाच केंद्रावर रांगेत उभे राहून पुडे मोजून देताना सापडतील.

खुनी लपवायचा कसा, याचं उत्तम शिक्षण अजूनही हिचकॉककडेच मिळतं. ‘सायको’च्या १९६० च्या ट्रेलरमध्ये तो स्वतः सहा-साडेसहा मिनिटं सेटवर फिरतो. इथे असं झालं, त्या जिन्यात तसं झालं, असं घर विकणाऱ्या दलालाच्या थाटात दाखवतो, शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो आणि बाई किंचाळते. ती बाई चित्रपटात त्या न्हाणीघरात मरणारी नटी नव्हेच. टोप घालून उभी केलेली दुसरीच, व्हेरा माइल्स. सगळं दाखवलं आणि काहीच कळू दिलं नाही. आपल्याकडे उलट चाल आहे: धावपळ, स्फोट, चारशे कट, आणि घरी जाताना खुनी कोण ते प्रत्येकाला ठाऊक.

निशिकांत कामतांच्या २०१५ च्या ‘दृश्यम’मध्ये भीती कशात होती आठवून पाहा. बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, सिनेमाचं तिकीट, २ आणि ३ ऑक्टोबर. ‘ब्रााम’ने दचकलेला माणूस थिएटरबाहेर हसतो. त्या बिलाने घाबरलेला घरी जाऊन स्वतःचे खिसे तपासतो. एटापल्लीत असले कागद ढिगाने आहेत: तेंदूच्या मजुरीची वही, वनहक्काचा दावा, जातीच्या दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे. एक पान हरवलं तर काय होतं, यावर अंगावर काटा येईल असा चित्रपट निघेल. पण ड्रोनवरून कागद दिसत नाही.

व्हॉइसओव्हर हवाच असेल तर वडशाला जा. झाडीपट्टी रंगभूमीचं ते माहेर, नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथेच. दिवाळीनंतर धान घरात आलं की होळीपर्यंत पूर्व विदर्भात रात्र रात्र नाटकं चालतात. ज्या रंगभूमीने परशुराम खुणे यांच्यासारखा, २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेला नट दिला, तिला जाहिरात शिकवायला जाऊ नये. गाडीवर भोंगा बांधून फिरणारा तिथला निवेदक नाटकाचं नाव, नटांची नावं, गाव, रात्र आणि तिकिटाचा दर एका दमात सांगतो, आवाजातच कुंकू पुसतो आणि न्यायही मिळवून देतो. त्याला ‘ब्रााम’ लागत नाही. शिवाय तो नाटक कुठल्या गावात आहे ते खरं सांगतो.

प्रमाणपत्राचं विसरू नका. थिएटरात दाखवायचा ट्रेलरही सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावा लागतो. रक्त कमी करा, कुजबुज वाढवा, काम होतं.

चित्रपटाचं नाव पडद्यावर आल्यावर एक शेवटचा झटका द्यायचा असतो. सगळं संपलंसं वाटतं आणि मृत समजलेला डोळे उघडतो, किंवा रिकामी एस.टी. जळताना दिसते. जळणारी एस.टी. या जिल्ह्याच्या ट्रेलरला हमखास. चालणारी एस.टी. कुणी घेत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला अहेरीहून पहिली एस.टी. १ जानेवारी २०२५ ला सुटली, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. एवढा दीर्घ सस्पेन्स कुठल्या पटकथाकाराला जमला आहे?

आणि एक काम खरंच करा, यात थट्टा नाही. तुमच्या फुटेजमध्ये एक म्हातारा माडियात काहीतरी बोलतो आहे आणि तुम्ही त्याखाली ‘आदिवासी भाषेत पुटपुटतो’ असं लिहून मोकळे झाला आहात. तालुक्यात मराठी आणि माडिया दोन्ही उत्तम येणारे शिक्षक, आशाताई, कॉलेजची पोरं आहेत. त्यातल्या एकाला गाठा, कामाचे पैसे द्या, आणि म्हातारा काय म्हणाला ते मराठीत खाली लिहा.