लाल गाडीची टकटक

अहो वहिनी, जास्वंदीला मग पाणी घाला. पाऊस जाऊन आठवडा नाही झाला, तिला कुठली तहान! शेवटच्या बंगल्यातल्या मुंबईकर साहेबांच्या लाल गाडीचं कळलं का?

भुशीला जाणारे पर्यटक इंपोर्टेड समजून तिच्यासोबत सेल्फी काढतात. इंपोर्टेड कसली, आपल्या गोव्यात बनलेली! सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघाली होती. दोनच सीट, बॉडी फायबरची, आत रेनॉचं बाराशे सीसीचं इंजिन, जेमतेम 60 हॉर्सपॉवर. ताकदीत आमच्या भाच्याची स्विफ्ट तिला भारी आहे, पण साहेबांसमोर बोलू नका हं.

तर पावसाळाभर ताडपत्रीखाली होती. दसऱ्याला पूजेसाठी चालू केली नि टक-टक-टक, जुनं शिवणयंत्र चालावं तसं. साहेबांचा हार हातातच राहिला. वॉचमन म्हणाला टॅपेट. दूधवाला म्हणाला उंदराने काहीतरी खाल्लं असणार. मग गॅरेजवाला आला, कोणता ते सांगत नाही, तुमच्याकडेही येतो तो. दोन मिनिटं ऐकलं नि निकाल दिला, 'रॉडचं बेरिंग गेलं, हाफ इंजिन करावं लागेल.' बाईसाहेब तिथेच म्हणाल्या, 'विका एकदाची!'

शेवटी बोलावलं कोपऱ्यावरच्या अण्णांना. त्यांची उभी हयात आयएनएस शिवाजीत गेलेली. 1945 पासून नौदलाची पोरं इंजिनं शिकायला येतात तिथे, म्हणजे जहाजांपुढे ही गाडी ती केवढी! पण अण्णांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, 'थंड असताना वाजतं की गरम झाल्यावर?' साहेब म्हणाले, 'थंड असताना. खंडाळ्यापर्यंत गेलं की आपोआप बंद.' अण्णा म्हणाले, 'मग बेरिंगचं नाव काढू नका. ते गेलं असतं तर उलटं झालं असतं. तेल तापून पातळ झालं की ते जास्त ठोकतं, आणि तो आवाज जाड असतो, खालून येतो.'

मग तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल बरोबर होतं. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ कानाला, टोक इंजिनाला. वर व्हॉल्व्हच्या झाकणावर ऐकलं, खाली चेंबरवर ऐकलं. दोन्हीकडे ठीक. मग आमच्या बागेतला रबरी पाइप मागून नेला, हातभर. एक टोक कानात, दुसरं मेनिफोल्डच्या कडेकडेने फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. साहेबांना म्हणाले, 'मागे जा, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबा.' दाबलं मात्र, टकटकीचं फुस-फुस झालं! बॅटरी मारून पाहिलं तर तिथेच, स्टडाशेजारी, काजळीचा काळा डाग. मेनिफोल्डचं गॅस्केट फुंकलेलं. थंड असताना फटीतून धूर टकटक सुटतो, धातू तापून फुगला की फट मिटते. मी कुंपणावरून सगळं पाहिलं हो, भाजी करपली ती करपली.

पण आवाज बंद होतो म्हणून तशीच चालवू नका, असं बजावलं त्यांनी. तो धूर आत शिरला तर वासही न येता गुंगी आणतो. आणि इंजिन बंद शेडमध्ये चालू ठेवायचं नाही.

नट मात्र लोणावळ्याचे! गंजून बसलेले. रात्रभर तेल सोडून ठेवलं तरी एक स्टड मोडलाच. गॅरेजवाल्यानेच ड्रिल करून काढला आणि तोंड वर करून म्हणतो, 'मी म्हटलंच होतं, इंजिनातलं काम आहे.' गॅस्केटची पंचाईत नाही म्हणे. हेच इंजिन फ्रान्समध्ये ट्विंगोत नि क्लिओत बसायचं, त्यामुळे तिकडे मिळतं. साहेबांची मुलगी लंडनहून दिवाळीला येतेय, ती घेऊन येणार.

पण खरी गंमत पुढेच. बाईसाहेबांनी गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, वांद्र्याचं. ते आता परत पाठवलं. त्यामुळे यंदा अण्णांकडे फराळाचं ताट जातंय की नाही, तेवढं लक्ष ठेवा तुम्ही. तुमच्या खिडकीतून फाटक सरळ दिसतं.