दोन बोटं खाली

पेट्रोलच्या जमान्यात हौशी माणसाला उद्योग पुष्कळ असायचे. सायलेन्सर बदला, एअर फिल्टर बदला, कार्बोरेटरची खोड काढा. आपण घरी आलोय हे गाडीच्या आधी तिचा आवाज गल्लीला सांगायचा. विजेच्या गाडीनं ही सगळी दुकानदारी बंद केली. बॉनेट उघडावं तर आत जाडजूड नारिंगी वायरी आणि हात लावू नका म्हणणारं स्टिकर. बॅटरी तळाशी, सीलबंद. हात शिवशिवतात त्यानं जायचं कुठं? उरल्या स्प्रिंगा आणि टायर.

आमच्या पुतण्यानं त्याची नेक्सॉन ईव्ही अशीच खाली बसवून आणली. कंपनीनं इमानानं 205 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स दिलेला. उंच गाडी मिळावी म्हणून आधी पैसे मोजले, मग ती बुटकी व्हावी म्हणून पुन्हा मोजले. ‘‘काका, स्टान्स बघा ना!’’ चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये पूर्वी मूठ जायची, आता दोन बोटं जेमतेम शिरतात. उकिडवं बसून त्यानं ती घालूनही दाखवली.

त्याचं म्हणणं, गुरुत्वमध्य खाली येतो. अरे, बॅटरीचं धूड आधीच तळाशी आहे, तो आणखी किती खाली नेणार? पण एक मुद्दा त्याचा बरोबर. गाडी खाली आली की पोटाखालून वारा कमी घुसतो आणि हायवेला चार्जिंग थोडं जास्त पुरतं. एवढ्यावर थांबावं ना! मूळचे 215/60 आर 16 टायर काढून यानं 235/55 आर 16 चढवले. व्यास जवळपास तोच, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण रुंद टायर समोरून वाराही जास्त अडवतो आणि बहुतेक वेळा रस्त्यावर लोळायला वीजही जास्त खातो. स्प्रिंगांनी कमावलं, टायरांनी व्याजासकट नेलं. बीएमडब्ल्यूनं 2013 साली आय3 काढली तेव्हा उलटा विचार केला होता: 19 इंची चाक, टायर फक्त 155 मिलिमीटर रुंद. मी फोटो दाखवला. त्यानं तो पाहिला आणि माझा मोबाइल पालथा ठेवला.

खरी परीक्षा गतिरोधकावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब हवा. आमच्या गल्लीतला कुणीतरी रातोरात उरलेल्या काँक्रीटचा घातलेला, उंचीला उदार आणि लांबीला कंजूष. पुतण्या गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, श्वास रोखतो. तरी खर्रर्र होतंच, आणि पाठीवर किसणी फिरल्यासारखा त्याचा चेहरा होतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो, ते वेगळंच.

कंपनीच्या मूळ मापात फेरफार चालत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. मी हे ऐकवलं तर म्हणतो, ‘‘आरटीओवाले काय पट्टी घेऊन वाकणारेत?’’

घरात या सगळ्याचं कौतुक एकाच माणसाला, आमच्या वहिनींना. उंची पावणेपाच फूट, नेसणं कायम साडी. परवा दार उघडून त्या एका झटक्यात सीटवर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘‘इतके दिवस चढावं लागायचं मेलं. आणखी थोडी खाली होते का रे?’’