साडेतीन तोळ्यांचं यंत्र

आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर म्हणजे साधारण साडेतीन तोळे. हा हिशेब यंत्राचा दुकानदार कधी सांगत नाही, तो स्वयंपाकघरात होतो. जमिनीतलं सोनं हुडकणारं नवं यंत्र वजनाला किती हलकं, जमिनीत किती खोल पोचतं, हे मी टिपणं काढून समजावत होतो. सौ.ने कणीक मळता मळता एकच शंका काढली, "अहो, पण तेवढ्या पैशांत सरळ सोनंच किती येईल?" ऑक्टोबर 2025मध्ये सोन्याने औंसाला 4,000 अमेरिकी डॉलरची पायरी ओलांडली. त्या भावाने भागाकार केला की साडेतीन तोळे निघतात. म्हणजे एक ठसठशीत गोफ, वर कुड्या. तेही एकसुद्धा खड्डा न खणता, गार दुकानात गादीच्या खुर्चीवर बसून.

या हिशेबाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे आणि घरात ते पूर्ण ऐकून घेण्याची कोणाची तयारी नाही. म्हणून इथे लिहितो.

मेलबर्नहून वायव्येकडे दोन-अडीच तास गाडी हाकली की डनॉली, टार्नागुल्ला, वेडरबर्न अशी गावं लागतात. या टापूला इथे 'गोल्डन ट्रँगल' म्हणतात. 1851 साली व्हिक्टोरियात सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि जगभरातली माणसं कुदळी घेऊन इथे येऊन थडकली. नोकऱ्या सोडून आली, जहाजं बंदरात तशीच टाकून आली. त्यांनी जे नेलं ते नेलं. त्यांच्या नजरेतून सुटलेलं शोधत आता आम्ही हौशी मंडळी शनिवार-रविवारी त्या जंगलात फिरतो. 'मायनर्स राइट' नावाचा परवाना काढला की झालं. तो तीस डॉलरच्या आत मिळतो आणि दहा वर्षं चालतो. हातातल्या हत्यारांनीच खणायचं, खणलेला खड्डा बुजवायचा, राष्ट्रीय उद्यानात नेमून दिलेल्या जागा सोडून यंत्र लावायचं नाही. सापडलेलं सोनं तुमचं.

या स्वस्त परवान्यामागे रक्त सांडलेलं आहे. पूर्वी सोनं लागो न लागो, दर महिन्याला 30 शिलिंग मोजावे लागत. खाणवाले चिडले, बॅलरॅटला त्यांनी लाकडी मेढेकोट उभारला आणि 3 डिसेंबर 1854च्या पहाटे सैन्य त्यांच्यावर चालून गेलं. वीसहून अधिक माणसं मेली. पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला. सोनं सापडायच्या आधीच पैसे का भरायचे, यासाठी त्या लोकांनी प्राण दिले. आम्ही तेच पैसे यंत्राच्या दुकानात हसत हसत भरतो, आणि वर कॉइलचं, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तबकडीचं, जादा कव्हर घेतो.

यंत्रं बहुतेकांकडे माइनलॅबची. 1985 साली ॲडलेडला सुरू झालेली ही कंपनी. तिचं 2015चं जीपीझेड 7000 साडेतीन किलोला थोडंसंच कमी होतं, 2021चं जीपीएक्स 6000 दोन किलोच्या आसपास आहे. दिवसभर हात डावीकडून उजवीकडे झुलवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला या सव्वा किलोचं मोल सोन्यापेक्षा जास्त वाटतं, हे कबूल करायला हवं. नव्या यंत्राचा पहिला वकील आपला खांदाच असतो.

बाकीचे पैसे कशाचे, तेही सांगतो. या टापूतली लाल माती लोखंडाने भरलेली आहे. आपल्या कोकणातला जांभा ज्याने पाहिला आहे त्याला तो रंग ओळखीचा वाटेल. साधं यंत्र अशा जमिनीवर धरलं की दर पावलाला किंचाळतं. महागातलं यंत्र कॉइलमधून विजेचे झटके जमिनीत सोडतं, झटका थांबला की धातूच्या तुकड्यात फिरणारा प्रवाह निमिषभर रेंगाळतो, तेवढाच ते टिपतं आणि मातीची बडबड कानाआड करतं. म्हणजे आठ हजारांतले बरेचसे पैसे यंत्राने गप्प बसावं यासाठी आहेत. संसारात एवढी शांतता याच किमतीला मिळाली असती, तर मी मागेपुढे पाहिलं नसतं.

पण सोनं मात्र त्याला कळत नाही. त्याला धातू कळतो. सोनं, शिसं, तांबं, शीतपेयाच्या डब्याची कडी, सगळ्यांकडे ते समदृष्टीने बघतं. आणि यंत्र जितकं भारी, तितका ज्या कणावर ते ओरडतं तो बारीक.

प्रत्यक्षात कसं होतं पाहा. कानात गुणगुण चाललेली असते. एका जागी ती किंचित वर चढून खाली येते. पाऊल थांबतं. बुटाने पानं सारायची, पुन्हा कॉइल फिरवायची, आवाज तिथेच. कुदळीचे दोन घाव. आवाज आता खड्ड्यात नाही, म्हणजे तो उकरलेल्या मातीत आला. कुदळीला चिकटवलेलं लोहचुंबक मातीतून फिरवायचं. काही चिकटलं तर गंजका खिळा, प्रश्न मिटला. चिकटलं नाही की छातीत धडधड सुरू. मग प्लास्टिकच्या डावात मूठभर माती घ्यायची, कॉइलवरून न्यायची, आवाज आला तर निम्मी तळहातावर, निम्मी डावात. पुन्हा निम्मी. पुन्हा निम्मी. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते आणि तिच्यात काहीतरी गोल, जडसर लागतं. थुंकी लावून अंगठ्याने चोळायचं. वर पांढुरकी पुटं, आत करडं. शिकारी बंदुकीचा छर्रा.

या छऱ्यांचीही एक कथा आहे. 1859 साली जिलाँगजवळच्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून ससे आणवून रानात सोडले. ससे वाढले, देशभर पसरले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांच्यावर बंदुका झाडल्या. त्यातल्या न लागलेल्या छऱ्यांचा हिशेब आता मी चुकता करतोय. साध्या यंत्राला हे छर्रे खोलवर ऐकूच येत नाहीत, त्यामुळे ते घेऊन फिरणारा माणूस दमतो कमी. भारी यंत्रवाला एकही छर्रा सोडत नाही.

आता यंत्राच्या बाजूने जे खरं आहे ते बोललं पाहिजे. गेली चाळीस-पन्नास वर्षं माणसं या रानात यंत्रं फिरवत आहेत. वरवरचं, मोठं, ओरडून सांगणारं सोनं केव्हाच गेलं. उरलंय ते बारीक आणि खोल. नवं यंत्र म्हणजे संपलेल्या पिठल्याच्या कढईची खरवड काढायला आणलेलं जास्त धारेचं उलथनं. ते खरवड काढतं, यात शंका नाही. पण खरवडीचं वजन किती? हाती लागणारा दाणा बहुतेकदा गुंजेच्या आगेमागे असतो. तोळ्याच्या गुंजा 96. साडेतीन तोळ्यांच्या झाल्या 336. म्हणजे असे 336 दाणे मिळाले की यंत्र फुकट पडलं; पेट्रोल, टायर आणि गुडघेदुखीचं मलम वेगळं.

माझ्या साडूने ते नवं यंत्र घेतलंय. त्याची सगळी कमाई काचेच्या एका चिमुकल्या बाटलीत असते आणि बाटली पाण्याने भरलेली असते. पाण्यात दाणे फुगून दिसतात. पाहुणे आले की ती दिव्याजवळ धरायची. "पाणी काढून दाखव ना," असं मी एकदा म्हणालो, त्यावर त्याने विषय बदलला.

मोठं घबाड लागल्याचे किस्सेही भारी यंत्राला फारशी साथ देत नाहीत. जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजलेला 'वेलकम स्ट्रेंजर' हा गोळा 5 फेब्रुवारी 1869 रोजी मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना मिळाला. झाडाच्या बुंध्याशी, जमिनीखाली जेमतेम बोटभर, कुदळ लागून. त्याला तोलायला डनॉलीत पुरेसा मोठा तराजू नव्हता, म्हणून ऐरणीवर ठेवून तोडावा लागला. 1980 साली किंगाउअरजवळ सापडलेला 'हँड ऑफ फेथ' 27 किलोंचा. तो खरोखर यंत्राने मिळाला, पण त्या काळच्या गॅरेट कंपनीच्या यंत्राने, आणि होता हातभरही खोल नाही. लास व्हेगासच्या 'गोल्डन नगेट' कॅसिनोने तो दहा लाख डॉलरहून जास्त मोजून नेला. अगदी अलीकडे, 2023मध्ये, याच त्रिकोणात एकाला साडेचार किलोंचा दगड लागला, त्यात अडीच किलोंहून जास्त सोनं. त्याचं यंत्र होतं बाराशे डॉलरचं. ही बातमी मी घरात मोठ्याने वाचली नाही.

यंत्राने जागा सांगायची नसते, जागेवर यंत्र न्यायचं असतं. 1881मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती काही केल्या सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल खास धातुशोधक यंत्र घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना फक्त उजव्या कुशीवर ते फिरवू दिलं, कारण गोळी तिथेच आहे असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. गोळी होती डावीकडे, आणि गादीत होत्या स्टीलच्या स्प्रिंगा. यंत्र खाटेवरच आवाज करत राहिलं. गारफिल्ड सप्टेंबरात गेले. यंत्र वाईट नव्हतं हो. पण साहेबांनी कूस आधीच निवडली होती.

जागा निवडायची म्हणजे जुने नकाशे, गारगोटीच्या शिरा, ओढ्यांच्या जुन्या वाटा, मागच्या पिढीने टाकलेल्या मातीचे ढिगारे यांचा अभ्यास. तो करायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच तो कोणी करत नाही.

आमच्या गावच्या काकांना मात्र यातलं काही पटत नाही. "तिथल्या रानात काय फिरतोस, यंत्र इकडे आण. गढीमागे हंडे पुरलेत, माझ्या आजोबांनी सांगितलंय." मी त्यांना 1878चा कायदा सांगितला. भारतात जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "दहा रुपयांचं तर हंड्याचं झाकणसुद्धा येत नाही रे." तरी त्यांचा आग्रह सुटला नाही. यंत्र नसेल तर आत्याला घेऊन ये, म्हणाले. आत्या पायाळू आहे. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला गुप्तधन दिसतं, अशी आपल्याकडची समजूत. आठ हजार डॉलरच्या मानाने हा प्रस्ताव स्वस्त होता, पण आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. धनावर बसलेल्या नागाचं म्हणाल तर तो इथेही आहे. उन्हाळ्यात त्या रानात ब्राउन स्नेक निघतात आणि ते अतिशय विषारी. आमची मोसमी धाव म्हणून थंडीत.

राहता राहिला गुंतवणुकीचा मुद्दा, कारण साडू तो हमखास काढतो: सोनं चढतंय, म्हणून यंत्र घ्यायची हीच वेळ. मला हे उलटं वाटतं. सोनं चढतंय तर न घेतलेल्या यंत्राच्या पैशांचं सोनंही चढेल. यंत्र मात्र नवं मॉडेल बाजारात आलं की त्याच दिवशी जुनं होतं.

तेव्हा माझा निकाल असा. तुम्ही निवृत्त असाल, त्या गावांपासून अर्ध्या तासावर राहत असाल, दर आठवड्याला रानात जात असाल आणि गारगोटी पाहून तुमचे पाय आपोआप थबकत असतील, तर नवं यंत्र जरूर घ्या. तुमचे पैसे कधीतरी वसूल होतील. बाकीच्यांनी घेऊ नये. त्या भागातल्या दुकानांत यंत्र भाड्याने मिळतं, एका शनिवार-रविवारापुरतं आणा. तेही आवडलं तर कोणाचं तरी वापरलेलं जुनं घ्या. नवं मॉडेल आल्यावर जुनी यंत्रं बरीच स्वस्त होतात. परवाना आधी काढा, इथल्या थंडीत, जून ते ऑगस्टमध्ये जा, पाणी भरपूर ठेवा आणि खड्डे बुजवा.