ठोशाचं वजन कसं करावं

लास वेगासला शनिवारी रात्री फाइट असते, तेव्हा घोडपदेवला रविवारची सकाळ असते. हे वेळापत्रक खास आपल्यासाठी आखलंय असं धरून चालावं. मटणाच्या रांगेतून पिशवी घेऊन आलेला माणूस घरी जायच्या आधी मंडळाच्या कॅरमच्या खोलीत टेकतो. कुणाच्या तरी मोबाइलवर शेवटची फेरी चाललेली असते. ती संपते आणि कोपऱ्यातून प्रश्न येतो, "हाच माणूस दोन गट वर गेला, तर हाताला एवढाच मार राहील का?" हे मार्गदर्शन त्या प्रश्नानंतरच्या दोन तासांसाठी आहे.

वादात उतरायला कधी ग्लोव्हज घातलेले असण्याची अट नाही. उलट ज्याने घातलेत त्याला शक्यतो बोलावूच नये. तो दोन वाक्यांत विषय संपवतो आणि मग जेवणापर्यंत करायचं काय?

आधी स्वतःचा गट माहीत करून घ्या. त्यासाठी काट्यावर उभं राहायची गरज नाही. आठ जणांच्या लिफ्टमधली पाटी वाचा : ८ व्यक्ती, ५४४ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो. व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांचे रूढ गट १७. त्यात ६६.७ किलोला वेल्टरवेट संपतो आणि ६९.९ पर्यंत ज्युनियर मिडलवेट. तेव्हा न्यू हिंद मिलच्या जागेवरच्या टॉवरांत राहणारा प्रत्येक जण, लिफ्टच्या हिशेबाने, ज्युनियर मिडलवेट आहे. मग ते सातव्या मजल्यावरचे काका असोत, की त्यांना लिफ्टमध्ये शिरताना बघून जिन्याकडे वळणारे बाकीचे. एवढ्या भांडवलावर कुठल्याही चॅम्पियनबद्दल बोलायचा हक्क मिळतो.

शब्द मात्र जपून वापरावेत. आपला भाग रे रोड आणि कॉटन ग्रीनच्या मधला. इथल्या कितीतरी घरांत 'हूक' म्हणजे गोणीत अडकवायचा लोखंडी आकडा. टायसनच्या डाव्या हुकाचं वर्णन आमचे एक मामा दहा मिनिटं मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "टोळी कुठली?"

आता पक्ष निवडा. पक्ष दोनच, वजनवाले आणि हातवाले. वजनवाले म्हणतात, अंगात वजन असेल तर ठोशात वजन येणार, यात चर्चा कसली. हातवाले म्हणतात, मार उपजत असतो, तो माणसाबरोबर वरच्या गटात जातो. निवड तत्त्वावर करू नये. ज्या बाजूला पंख्याचा वारा लागतो तिथे बसावं आणि त्या बाजूचं बोलावं.

हातवाल्यांकडचं पहिलं नाणं म्हणजे बॉब फिट्झसिमन्स. साधारण ७६ किलोच्या या माणसाने १८९७ साली हेविवेट चॅम्पियन जिम कॉर्बेटला चौदाव्या फेरीत पोटावर, बरगड्यांच्या खाली एकच ठोसा दिला आणि खाली बसवलं. कॉर्बेट ८३ किलोंचा. हे उदाहरण सुरक्षित आहे, कारण ती फाइट पाहिलेला माणूस खोलीत येण्याची भीती नाही.

वजनवाल्यांनी यावर मायकेल स्पिंक्स काढावा. लाइट हेविवेटचा राजा. १९८५ मध्ये वर जाऊन त्याने लॅरी होम्सला गुणांवर हरवलं, तेव्हा हातवाले नाचले असतील. मग १९८८ च्या जूनमध्ये टायसन समोर आला. ९१ सेकंद. इथे थांबून समोरच्याकडे नुसतं बघावं. बोलू नये.

आणि मॅनी पॅकियाव. या माणसाचे आभार मानावेत तेवढे थोडे, कारण तो दोन्ही पक्षांना पुरतो. फ्लायवेटमध्ये, ५१ किलोंच्या आत, १९९८ साली पहिलं जागतिक विजेतेपद. तिथून आठ गटांत विजेता. २००८ मध्ये ऑस्कर डे ला होया आठव्या फेरीनंतर स्टुलावरून उठला नाही, पुढच्या वर्षी रिकी हॅटन दुसऱ्याच फेरीत आडवा. हातवाल्यांनी इथवर सांगून चहा मागवावा. वजनवाल्यांनी चहा येऊ द्यावा आणि मग शांतपणे पुढचं सांगावं : नोव्हेंबर २००९ मध्ये कोटोला थांबवल्यावर पुढची नॉकआउट जुलै २०१८ ची. मधली जवळजवळ नऊ वर्षं तो जिंकला बऱ्याचदा, पण झोपवला कुणालाच नाही. २०१० मध्ये त्याच्याहून कितीतरी उंच मार्गारिटोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, तरी तो बारा फेऱ्या उभाच. मग मार वर गेला की नाही गेला? हा प्रश्न मी तीन रविवार चालताना पाहिलाय.

कुणीतरी खाशाबांना आणणारच. साताऱ्या-कऱ्हाडकडचा एक तरी माणूस खोलीत असतो आणि तो संधीच शोधत असतो. खाशाबा जाधव, गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला फ्लायवेटमध्ये, ५२ किलोंत, सहावे. १९५२ ला हेलसिंकीला बँटमवेटमध्ये, ५७ किलोंत, कांस्य. गट वर गेला आणि पदक आलं! "ती कुस्ती होती" असा आक्षेप घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. असा आक्षेप घेणाऱ्याला जत्रेच्या मैदानात वस्ताद नुसत्या नजरेने जोड कशी ठरवतात, काटा न लावता, हे नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत ऐकावं लागतं. आणि त्यात मटण खराब होतं.

मेरी कोमचं नाव निघालं तर मात्र थोडं सरळ बसावं. तिची तोवरची जागतिक विजेतेपदं ४५-४८ किलोंतली. २०१२ ला ऑलिंपिकमध्ये बायकांचं मुष्टियुद्ध आलं ते ५१, ६० आणि ७५ या तीनच गटांसह. तिला हौस म्हणून वर जायचं नव्हतं. खाली जागाच ठेवली नव्हती. तरी ती कांस्य घेऊन आली. आपल्या वादातली बाकी सगळी माणसं पैशासाठी किंवा नावासाठी वर गेली, ही नाइलाजाने गेली, आणि खोलीत तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

विज्ञान शेवटपर्यंत टाळावं. टाळता आलं नाही तर एवढं पाठ ठेवा. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये हेविवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजला. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने आली आणि मार भरला ४,०९६ न्यूटन. कॉटन ग्रीनच्या मापात सांगायचं तर कापसाची गाठ १७० किलोंची, आणि ब्रुनोच्या मुठीत क्षणभर जवळजवळ अडीच गाठींचा भार. पुढे २००५ मध्ये एक अभ्यास आला. फ्लायवेटपासून सुपर हेविवेटपर्यंतच्या सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांना पुतळ्याच्या जबड्यावर मारायला लावलं होतं. जड गटांचा मार जास्त भरला, आणि त्याचं मुख्य कारण मुठीचा वेग नव्हता, मुठीच्या मागून येणारं वजन होतं. म्हणजे वजनवाले जिंकले? अजिबात नाही. पाय जमिनीत रोवून, कंबर फिरवून अंगातलं किती वजन मुठीपर्यंत पोचवता येतं, हे अंगातल्या वजनावर ठरत नाही. ते वस्तादाकडे शिकावं लागतं, आणि काहींना न शिकवताही येतं.

माझं स्वतःचं मत मी कॅरमवर बसून बनवलं, आणि ते खोलीत कुणीच मानत नाही. स्ट्रायकर नियमाने जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी पाचेक ग्रॅमची. बोट तेच, स्ट्रायकर तोच, सोंगटी सगळ्यांना सारखी. रिंगमध्ये तसं नसतं. वर जाल तशी समोरची सोंगटी जड होत जाते, मान जाड, हनुवटी रुंद. पॅकियावचा ठोसा नऊ वर्षांत हलका झाला नसेल. तो ज्यांच्यावर पडत होता ती माणसं बदलली. म्हणून "मार राहिला का" असं न विचारता "कुणावर राहिला" असं विचारावं. हे मी मांडलं तेव्हा दोन्ही पक्ष प्रथमच एक झाले आणि मला बोर्डावरून उठवलं.

त्याच रविवारी एकाने शंका काढली की आपला स्ट्रायकरच नियमात बसत नाही, बोर्डावर जोर दिसतो तो त्याच्या वजनाचा. खरं-खोटं करायला तो स्ट्रायकर खिशात घालून लालबागला सोनाराच्या काट्यावर तोलून आणतो म्हणाला. तेव्हापासून आम्ही पावडर टाकून बसलोय आणि प्लॅस्टिकच्या झाकणाने खेळतोय. ज्याच्याकडे असेल त्याने कृपया मंडळात आणून द्यावा. वजन सांगितलं नाही तरी चालेल.