महागड्या गिटारवाल्याला नावं कशी ठेवावीत: नवशिक्यांसाठी

अंधेरीच्या जॅमपॅडमध्ये पहिल्यांदाच जाताय? कॉर्ड काय, सावकाश येतील. मत मात्र पहिल्याच दिवशी लागतं.

सुरुवात बॅगेपासून करावी. बोरिवलीहून लोकलने आलेल्याच्या पाठीवर कापडी बॅग असते, तिची चेन गेलेली असते. हा कलावंत. ज्याची गिटार हार्डकेसमधून येते आणि जो आधी पार्किंगची चौकशी करतो, तो ‘हौशी’. हा शब्द पेशंटच्या नातेवाइकांशी बोलल्यासारखा हळू उच्चारावा.

मग ब्रँड बघा. १९५२ची लेस पॉल, १९५४ची स्ट्रॅटोकास्टर ही जुनी घराणी. त्यांना थोडी सूट असते. पीआरएसला नाही. कंपनी १९८५ची, त्यात फ्रेटबोर्डवर उडणारे पक्षी! अमेरिकेत हिला दंतवैद्यांची गिटार म्हणून हिणवतात. मुलुंड-घाटकोपरात दंतवैद्य हाताशी नसेल, तर सीए चालेल. आणि तो खरंच चांगला वाजवत असला तर? ‘हात तयार आहे, पण फील नाही’ म्हणावं. फील मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

‘टोन बोटांत असतो’ हे पाठच करा. दाखला ब्रायन मे यांचा द्यावा. त्यांनी वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, मानेला शेकोटीच्या जुन्या चौकटीचं लाकूड वापरलं आणि क्वीनमध्ये तीच गाजवली. पुढे त्यांनी खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली, हे मात्र सांगू नये. समोरचे डॉक्टर त्यांना लगेच आपल्यात ओढतील.

खरी कसोटी सोसायटीच्या गणपतीत. मंडपात अर्थिंगच्या नावाने बोंब, शेजारी रोषणाईचा डिमर. तुमच्या सिंगल कॉइल पिकअपमधून घूंऽऽ सुरू होतं आणि गायिका माइकवरूनच म्हणते, ‘दादा, ते बंद करा ना!’ डॉक्टरांची लेस पॉल गप्प, कारण तिच्यात हंबकर आहे. दोन कॉइल अशा उलट जोडलेल्या, की एकीतली घरघर दुसरी खोडते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास काढलेली ही युक्ती. खरं तर लाखाची स्ट्रॅटही इथे अशीच घुमली असती, आणि हंबकर स्वस्त गिटारीतही मिळतो. पण एवढा खुलासा करत बसलं तर नावं कोणाला ठेवणार? ‘हंबकरला चमक नाही’ म्हणावं आणि आपला व्हॉल्यूम गुपचूप शून्यावर आणावा.

डोळे बांधून परीक्षा द्यायला कधीही तयार होऊ नका. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. सगळ्यांत नावडती ठरली एक स्ट्रॅडिव्हेरियस! किस्सा आपल्या सोयीचा आहे, पण उद्या डॉक्टर तुमच्याच डोळ्यांवर पट्टी बांधतील. नाचता येईना, अंगण इटालियन मार्बलचं, हे म्हणायची सोयही मग राहणार नाही.

शेवटचा धडा अवघड. मध्यंतरात डॉक्टर स्वतःच म्हणतील, ‘घे रे, वाजवून बघ.’ आधी ‘बरीच जड आहे हो’ म्हणावं. मग कटिंग गार होईपर्यंत वाजवत राहावं. परत देताना ‘अ‍ॅक्शन जरा वर वाटते’ एवढीच तक्रार करावी, आणि कोणी ऐकत नाही हे बघून विचारावं, ‘डॉक्टर, कधी विकायची झालीच तर आधी मला फोन कराल?’