सहावी ते आठवीचे सूचनापाल

भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणाचे पायाभूत, पूर्वतयारीचा, मधला आणि माध्यमिक असे चार टप्पे मानले असून, त्यांपैकी मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवी या तीन इयत्तांत, अकरा ते चौदा वर्षांची मुले येतात. या टप्प्यात विषयागणिक स्वतंत्र शिक्षक येतात, अमूर्त संकल्पनांचा अभ्यास सुरू होतो, आणि ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच उत्तर देण्याची क्षमता मुलांत पूर्णपणे विकसित होते. धोरणाने पहिल्या दोन गोष्टींचा विचार केला आहे, तिसरीचा केलेला नाही. शाळेत अख्खा दिवस घालवून आलेल्या मुलाकडून घराला एकही बातमी मिळत नाही, या अडचणीवर समाजाने जो उपाय आपोआप शोधून काढला, त्याला या लेखात ‘सूचनापाल’ असे नाव दिले आहे. शाळेकडून येणारी प्रत्येक सूचना स्वीकारणारा, तिची नोंद करणारा, तिची खातरजमा करणारा, ती घरात मोठ्याने वाचून दाखवणारा आणि तिची अंमलबजावणी होईपर्यंत कोणालाही सुखाने जेवू न देणारा ज्येष्ठ नागरिक म्हणजे सूचनापाल, अशी त्याची व्याख्या करता येईल.

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ आणि मुसी नदी यांच्या मध्ये वसलेल्या अंबरपेठेत हा प्रकार विशेष जोमाने वाढलेला दिसतो, आणि त्याची कारणे काही अंशी ऐतिहासिक आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यातच असल्यामुळे शिक्षणासाठी, वकिलीसाठी आणि नोकरीसाठी मराठी कुटुंबे या शहरात येत राहिली. त्यांच्यासाठी 1907 मध्ये विवेक वर्धिनी ही शाळा निघाली, 1922 मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले, आणि सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा या भागांतून पसरत ही वस्ती अंबरपेठेपर्यंत पोचली. आजचा सूचनापाल या परंपरेचा सत्तरीतला वारस असून, तो बहुधा 1966 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेच्या, एखाद्या बँकेच्या किंवा महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेला असतो. मुलगा आणि सून सकाळीच हायटेक सिटीकडे रवाना होतात आणि सारे शहर ओलांडून रात्री परततात, त्यामुळे नातवाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात आजोबांना ‘तात्पुरते’ घातले जाते; परंतु ज्यांचे सारे आयुष्य सरकारी कचेरीत गेले, त्यांना तात्पुरत्या नेमणुका कशा कायम होतात हे सांगावे लागत नाही.

सूचनापालांची कार्यपद्धती कचेरीतूनच आलेली आहे. त्यांच्याजवळ एक जाड नोंदवही असते, तिच्यात आवक क्रमांक, दिनांक, विषय आणि शेरा असे चार रकाने आखलेले असतात, आणि ‘उद्या मुलांनी रंगीत पोशाखात यावे’ ही एका ओळीची सूचनाही तिच्यात क्रमांक घेतल्याशिवाय घरात प्रवेश करू शकत नाही. बातमीची प्रतवारी ते तीन दर्जांत करतात. शाळेच्या शिक्कामोर्तबाचे पत्रक हे प्रथम दर्जाचे. वर्गशिक्षिकेने गटात लिहिलेला मजकूर हा द्वितीय दर्जाचा. आणि अन्य पालकांनी ‘असे ऐकले’ म्हणून लिहिलेला मजकूर हा तृतीय दर्जाचा, ज्याची नोंद पेन्सिलीने होते. या तिन्ही दर्जांच्या बाहेर, आणि प्रत्यक्षात तिन्हींच्या वर, मुलांना शाळेत नेणारा ऑटोवाला असतो. अली कॅफेच्या चौरस्त्यावर उभा राहून त्याने ‘कल छुट्टी है बोलके सुना साब, मालूम नै’ असे म्हटले, तर त्या विधानात ज्ञान आणि अज्ञान यांची वाटणी नेमकी कुठे होते, यावर सूचनापालांची अख्खी संध्याकाळ जाते. आणि सकाळी ऑटो आला नाही की मगच त्या विधानाचा अर्थ लागतो.

शालेय वर्षाचा क्रम त्यांच्या आयुष्याचाही क्रम होऊन बसतो. तेलंगणातील शाळा साधारणतः 12 जूनला उघडतात, आणि त्या आठवड्यात सूचनापाल नातवाचे दप्तर काट्यावर ठेवतात, कारण राज्य सरकारने 2017 मध्ये सहावी-सातवीच्या दप्तराला 4 किलोंची मर्यादा घातल्याचे कात्रण त्यांनी जपलेले असते. दप्तर मर्यादेबाहेर भरले तर ते वह्या बाहेर काढतात, त्यांच्या मागोमाग सून पाण्याची बाटली मोठी करते, आणि वजन पुन्हा पूर्वपदावर येते. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तरविरहित दिवस’ सुचवले आहेत, म्हणजे ज्या दिवशी मुलांनी पुस्तके न आणता सुतारकाम, बागकाम, मातीकाम यांसारखी हातांची कामे शिकावीत असे दिवस; अशा दिवसाची सूचना आली की सूचनापाल रुमाल, नॅपकिन, टोपी, जास्तीचा डबा, छत्री, चिकटपट्टी आणि प्रथमोपचाराचे सामान गोळा करतात, आणि हे सर्व न्यायला काहीतरी हवेच म्हणून अखेर दप्तर काढतात.

आषाढात महाकाली मंदिराच्या बोनालूची, म्हणजे देवीच्या उत्सवाची, सुटी नेमकी सोमवारची की रविवारचीच, याची चौकशी होते. पुढे चार आकारिक आणि दोन संकलित चाचण्या येतात, ज्यांना मुले अनुक्रमे ‘एफए’ आणि ‘एसए’ म्हणतात आणि ज्यांत आकारिक चाचणी 20 गुणांची व संकलित चाचणी 80 गुणांची असते. सूचनापालांना या दोहोंतला फरक वर्गातल्या कोणत्याही मुलापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगता येतो, मात्र नातवाला त्यांत किती गुण पडले हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळते. दसऱ्याच्या सुटीआधी शाळेत बतुकम्मा मांडली जाते, म्हणजे थरांवर थर रचून फुलांचा उतरता मनोरा केला जातो आणि त्याभोवती मुली फेर धरतात. ‘उद्या तंगेडू आणि गुनुगू आणावे’ ही सूचना नियमाप्रमाणे रात्री साडेनऊनंतरच येते. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुर्डू, हे सूचनापाल घरातल्या सर्वांना जागे करून समजावतात, त्याच ओघात भोंडल्याची आठवण काढतात, आणि पहाटे सहा नंबरच्या चौरस्त्यावर फुलवाल्यांशी तेलुगूत घासाघीस करून एका वर्गाऐवजी अख्ख्या शाळेला पुरतील एवढी फुले घेऊन येतात. मार्चच्या मध्यावर ‘ओंटिपूट बडुलू’, म्हणजे उन्हाळ्यामुळे दुपारपर्यंतच भरणाऱ्या शाळा, सुरू होतात, तेव्हा नातू भर दुपारी घरी येतो आणि त्यांच्या वामकुक्षीचे वर्षभराचे वेळापत्रक कोलमडते. या सूचनेवरील शेऱ्याच्या रकान्यात केवळ ‘पाहिले’ एवढेच लिहिलेले आढळते.

सूचनापालांच्या सामर्थ्याची खरी कसोटी जुलै-ऑगस्टच्या पावसात लागते. सुटी जाहीर करण्याचा अधिकार शासनाचा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा असला, तरी सुटीची आशा निर्माण करण्याचा अधिकार कोणालाही असतो, आणि इमारतीतील मुलांनी तो सूचनापालांच्या हाती सोपवून ठेवलेला असतो. एरवी एक शब्दही न सांगणारा नातू अशा संध्याकाळी आपणहून येऊन ‘आजोबा, गटावर जरा विचारता का, उद्या शाळा आहे का?’ असे अदबीने म्हणतो. आजोबा विचारतात, त्या प्रश्नाखाली वीस पालक तोच प्रश्न विचारतात, प्रश्नांची संख्या पाहून एकविसाव्या पालकाला सुटी जाहीर झाल्याचा भास होतो, आणि तो आभार मानतो. दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरते, वर्ग निम्मा रिकामा असतो, आणि सूचनापाल नोंदवहीत ‘अफवेचा उगम अज्ञात’ असे प्रामाणिकपणे लिहितात.

प्रकल्प, म्हणजे मुलांनी स्वतः माहिती जमवून करावयाचे काम, हा सूचनापालांच्या कर्तृत्वाचा दुसरा प्रांत आहे. ‘आपल्या शहरातील पाणी’ या विषयावर एक पान लिहून आणावे, अशी सूचना आली की ते 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुरापासून प्रारंभ करतात, त्यानंतर विश्वेश्वरय्यांना हैदराबादेत पाचारण करतात, 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर बांधून पूर्ण करतात, आणि अंबरपेठेतल्या बतुकम्मा कुंटा या तळ्याच्या 2025 मधील पुनरुज्जीवनापर्यंत येईतो अकरा पाने भरलेली असतात. नातवाचा सहभाग मुखपृष्ठावर नाव घालण्यापुरता असतो, तेही आजोबांनी पेन्सिलीने आखून दिलेल्या रेषेवर. शिक्षिकेने कोपऱ्यात ‘गुड’ असे लिहिले की सूचनापाल सायंकाळच्या फेरफटक्यात भेटेल त्याला ‘आम्हाला गुड मिळाले’ असे सांगतात, आणि ‘व्हेरी गुड’ का नाही, याचा विचार रात्री करतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. परंतु विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, आणि सूचनापालांचा नातू अशाच शाळेत जात असल्यामुळे त्यांच्या प्रशासकीय अनुभवाला पालकसभेखेरीज वाव उरत नाही. पालकसभेत प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. त्यांतली बहुतेक मिनिटे सूचनापाल मागील महिन्याच्या एका पत्रकात दिनांक आणि वार यांचा मेळ बसत नव्हता, हे नोंदवहीच्या आधारे सिद्ध करण्यात खर्च करतात. शिक्षिका चूक मान्य करतात. आणि नातवाचे गणित कच्चे आहे हा विषय वेळेअभावी पुढील सभेवर जातो, ज्याबद्दल नातू दोघांचाही मनापासून ऋणी असतो.

या उत्साहामागे एक जुने गुपित आहे. सूचनापाल स्वतः मधल्या इयत्तांत होते, त्या काळी शाळेतून घरी बातमी नेणारा दूत एकच होता, तो म्हणजे विद्यार्थी. आणि वडिलांची सही हवी असलेले कागद वडिलांपर्यंत पोचण्यापूर्वीच गहाळ करण्याची कला त्या पिढीने उत्तम साधली होती. ज्याने एकेकाळी बातम्या अडवल्या, त्यालाच त्या कुठे कुठे अडू शकतात हे ठाऊक असते, आणि म्हणूनच निवृत्त गुन्हेगारापेक्षा दक्ष पहारेकरी मिळत नाही. तरीही त्यांच्या पहाऱ्यात एक फट राहिली आहे. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत दहावीपर्यंत तेलुगू अनिवार्य झाल्यामुळे नातू ती लिपी भराभर वाचतो. आजोबांची बोलण्यातली तेलुगू बाजारात अर्धा रुपया सुटू देत नाही, पण वाचताना एकेका अक्षरापाशी थांबते. त्यामुळे तेलुगूतले पत्रक आले की ते नातवाला मोठ्याने वाचावे लागते, आणि मूळ मजकूर आठ ओळींचा असताना वाचन पाच ओळींतच संपते. उरलेल्या तीन ओळींत काय असावे, हे सूचनापाल अनुभवाने ओळखतात. नोंदवहीत ते ‘अंशतः प्राप्त’ असा शेरा मारतात, आणि या एकाच बाबतीत पुढील चौकशी करीत नाहीत.

सूचनापालांचे सर्वांत मोठे कार्य मात्र त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नाही. नातू इंग्रजी माध्यमात शिकतो, मित्रांशी तेलुगूत आणि दखनीत बोलतो, आईवडील थकून येतात आणि मोजके बोलतात. अशा घरात मराठीचे सलग, लिखित वळणाचे वाक्य त्याच्या कानावर पडण्याची एकच वेळ उरते, ती म्हणजे रात्रीच्या जेवणापूर्वीचे सूचनावाचन. इंग्रजी पत्रकाचे भाषांतर आजोबा जागच्या जागी करतात, आणि त्यांना अवगत असलेली मराठी अर्जांची, टिपणांची आणि स्मरणपत्रांची असल्यामुळे तीच मराठी घराची बोली होत जाते. पुण्याहून आलेल्या आत्याला हा मुलगा ‘आपल्या आगमनाची पूर्वसूचना प्राप्त झाली नव्हती’ असे म्हणतो, तेव्हा ती चकित होते. परंतु सातवीतल्या मुलाच्या तोंडून एवढे निर्दोष मराठी वाक्य पुण्यात ऐकायला मिळणे अवघड आहे, हेही तिला कबूल करावे लागते. पुढे पुढे हा विद्यार्थी प्रत्यक्ष लेखनाकडे वळतो. ‘विषय: दोडक्याच्या भाजीतून सवलत मिळण्याबाबत’ असा अर्ज तो आजोबांकडे रीतसर सादर करतो, आजोबा त्याला आवक क्रमांक देतात, ‘शिफारस करण्यात येत आहे’ असे लिहून तो स्वयंपाकघराकडे पाठवतात, आणि तेथे आजी कागद न वाचता भाजी वाढतात. त्या निर्णयाची कुठेही नोंद होत नाही आणि त्यावर अपीलही चालत नाही, हे नातवाच्या आधी आजोबांनाच ठाऊक असते, कारण अर्जात त्यांचेही नाव होते.