मस्तकाची फेरजमाबंदी

शल्यचिकित्सेने टकलावर नवे केस उगवतात, अशी जी समजूत हमरस्त्यांवरील फलकांनी आमच्या अर्धखल्वाट बांधवांच्या मनात रुजविली आहे, ती दप्तर तपासू जाता टिकत नाही. शल्यचिकित्सक एकही केस नव्याने निर्माण करीत नाही. मानेच्या वरच्या अंगास, दोन कानांच्या दरम्यान, पिढीजात वतन धरून बसलेल्या केसांची तो ललाटप्रांती बदली करतो, इतकेच. एकूण जमा होती तेवढीच राहते, किंबहुना हस्तांतरणात थोडी घटतेच. पण मागची बाजू आरशात दिसत नसल्यामुळे तिकडील तूट कोणी मोजीत नाही, आणि पुढच्या बाजूची भरभराट छायाचित्रासह प्रसिद्ध होते. ही नीती या महाशयांनी शासनाकडून उचलली की शासनाने त्यांच्याकडून, हा संशोधनाचा विषय आहे.

या वतनाचा कायदा न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइश यांनी घालून दिला. त्यांनी १९५२ साली पुरुषी टकलावर पहिले रोपण केले आणि १९५९ च्या निबंधात सिद्धांत मांडला, की मागचा केस कोठेही नेला तरी आपला मूळ गुणधर्म सोडीत नाही. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नामक ज्या संप्रेरकाच्या जुलमाने माथ्यावरील रयत परागंदा होते, त्याला हा वतनदार परमुलखातही दाद देत नाही. (जपानच्या डॉ. ओकुदांनी १९३९ सालीच असे रोपण करून पाहिले होते. पण महायुद्धाच्या गदारोळात पश्चिमेला त्याची खबर लागली नाही.) त्या आरंभीच्या काळात चार-चार मिलिमीटरचे पुंजके लावीत, त्यामुळे गृहस्थाचे कपाळ ‘येथे काम झाले आहे’ असे रस्त्यापलीकडूनच जाहीर करी.

आज दोन पद्धती रूढ आहेत. एफयूटीत मागील कातडीची पट्टीच कापून काढतात, टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिची वाटणी करतात. एफयूईत एक मिलिमीटरच्या आसपासच्या पंचने एकेक ग्राफ्ट सोडवून घेतात. त्यात एकापासून चारपर्यंत केस एकत्र कुटुंबाने नांदत असतात. गृहस्थ पालथे पडलेले आहेत, डोके भादरून बधिर केलेले आहे आणि शेजारच्या बशीत थंड सलाइनमध्ये ठेवलेल्या ग्राफ्टांची काटेकोर शिरगणती चालली आहे, कारण बिलाची आकारणी नगावर असते. कालपर्यंत न्हाव्याच्या दुकानी झाडूने लोटल्या जाणाऱ्या ऐवजाला एका दिवसात लाभलेली ही प्रतिष्ठा पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. पुढे दोन-चार आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात, ‘हे अपेक्षितच होते’ असे प्रसन्न मुद्रेने सांगितले जाते, आणि कर्जाचा हप्ता मात्र गळत नाही. मुळे आत शाबूत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवण सुरू होते आणि पूर्ण पीक वर्षभराने हाती येते.

खरी गंमत बाविशीतल्या उमेदवारांची. स्थळ पाहण्याच्या आधी सिनेनटाची केशरेषा कपाळावर मार्करने आखून घ्यायची, शिल्लक सारी पहिल्याच फळीत खर्ची घालायची, आणि मूळचे केस त्यानंतर आपल्या ठरल्या वेळी माघार घेतच राहतात, हे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या डॉक्टरास सोडून स्वस्त दुकान गाठायचे. मग दहा वर्षांनी पुढची वेस ताठ उभी असते आणि मागचे गाव ओस पडलेले असते. ते वसविण्यासाठी दाढीतून व छातीवरून सक्तीची भरती करावी लागते. टक्कल पडूच न देणारा खात्रीचा उपाय डॉ. जेम्स हॅमिल्टन यांच्या १९४२ च्या निरीक्षणात आहे: वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. या उपायाचा फलक अद्याप कोणी लावलेला दिसत नाही.

दुकानेही इतकी बोकाळली, की यूट्यूबवर पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लेखी बजावावे लागले. पुण्यात मात्र या विद्येचे चीज वेगळ्याच कारणाने झाले आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस हेल्मेट घालू नये, असे खुद्द डॉक्टरच लिहून देतात. त्या चिठ्ठीच्या झेरॉक्स काढून ठेवणारे धोरणी लोक दुकानदारास आवर्जून सांगतात, की तारखेच्या जागी शाई थोडी फिकी उमटली तरी चालेल.